जर्मनीतला किल्ला

आमच्या दाजींनी जर्मनीत किल्ला केला, ते तुम्हाला सांगितलंच नाही ना?

ताईचे दिवस भरत आले होते आणि व्हिसा वेळेत न मिळाल्याने आई वडूजलाच अडकली होती. तिचा सगळा जीव एका पुडीत होता. बाळंतपणानंतरच्या लाडवांसाठी तिने हळीव निवडून ओळखीच्या माणसाबरोबर पाठवले होते.

दिवाळीत व्हिडिओ कॉल लावला, तर हॉलच्या खिडकीत किल्ला आणि त्यावर हिरवंगार रान! भाचा नाचत होता.

"दाजी, हे काय पेरलंत?"

"हळीव. आईंनी किल्ल्यासाठी पाठवलेले. सगळे टाकले."

माझं डोकंच फिरलं. "अहो, ते ताईच्या लाडवांचे होते! बायकोच्या बाळंतपणातलं एवढंही माहीत नको?"

"अगं, उंब्रजला आमी ते किल्ल्यावरच पेरायचो की!"

त्या दिवशी आईला फराळही गेला नाही.

आठवड्यात ताईला मुलगी झाली. ती बाळाला घेऊन घरी आली त्या दिवशी भाचा फोनवर भोकाड पसरून रडत होता. शेजारच्या जर्मन आजींनी कात्रीने किल्ल्यावरचं सगळं रान कापलं होतं. तिकडे हळिवाचा कोवळा पाला लोणी लावलेल्या पावावर घालून खातात. बाळंतिणीसाठी त्यांनी ताटभर पाव केले होते.

"आजी, त्यांनी माझा गड टकला केला!"

"आन् तुज्या आईनं खाल्लं का समदं?" आईने विचारलं.

"सगळं!"

आईने पदराने डोळे पुसले. "मग रडू नगंस, राजा. पुढच्या दिवाळीला दोन पुड्या पाठवते. एकीवर तुज्या बापाचं नाव लिहिते."