पाठीकडून उघडणारी बॅग

मंडळी, सावरून बसा आणि ऐका! आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा आहे — ज्या पिशवीत चोराचा हात जाऊच शकत नाही, ती पिशवी चांगली की वाईट?

काय? चांगली? वा! पुढच्या रांगेतून लगेच उत्तर! क्षणभर विचारसुद्धा नाही! मला तर तुमचाच संशय यायला लागला. कारण आत येताना मी बघितलं — एक चप्पल पायरीशी, आणि तिची जोडीदारीण पार तिकडे, पिंपळाच्या बुंध्याशी! का हो? चोराला जोड मिळू नये म्हणून! देवाच्या दारात येताना हा बंदोबस्त! बरं, हसू नका. मी तरी कुठला मोठा साधू? माझ्या पिशवीला तीन चेनी आहेत, आणि ती पिशवी मी तबलजींच्या मांडीशी ठेवली आहे. त्यांच्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे हो — त्यांचे दोन्ही हात तबल्यात गुंतलेले असतात म्हणून!

तर आख्यान ऐका. पुराणातलं नाही, आपल्या फलटणच्या बाजूचं आहे. दोन माणसं. एक भिकाजी सोनवलकर — हा लग्नात फोटो काढणारा. दुसरा तुळशीराम गाडे — हा व्हिडिओ काढणारा. चौदा वर्षं जोडीनं कामं केली. आमंत्रण एकाला दिलं की दोघं येणार, हे पंचक्रोशीला ठाऊक!

आणि दोघांमध्ये एक बॅग. कशी होती? जाड खाकी कापडाची, कातडी पट्ट्याची, एका खांद्याला अडकवायची. वरून झाकण. त्या झाकणाचं बक्कल केव्हाच तुटलेलं! झाकण आपलं नुसतं टाकायचं, पदर टाकावा तसं. न बघता हात घातला की लेन्स हाताला. पण दोष सांगितलाच पाहिजे — सगळं ओझं एका खांद्यावर! भिकाजीचा उजवा खांदा दोन बोटं खाली आलेला. शर्ट शिवताना शिंपी विचारायचा, ‘माप खांद्याचं घेऊ की उताराचं?’

आणि लग्नात काय व्हायचं? बॅग स्टेजच्या कडेला खुर्चीवर. उघडी! मग कुणी मावशी यायची, ‘ओ फोटोवाले, एवढी बाळाची बाटली राहू द्या.’ मामा यायचे, ‘चष्मा ठेवतो हं!’ नवरदेवाचा मोबाइल त्यातच, करवलीची पिन त्यातच. बॅग कसली, गावचा पार होता तो! कुणीही या, टेका.

आता बघा हं, इथं विष पडलं.

एका साखरपुड्याला काम संपलं, आवराआवर सुरू झाली, आणि भिकाजीनं बॅगेत हात घातला — लेन्स नाही! त्याची लाडकी लेन्स. तिनं काढलेला चेहरा असा उजळायचा की सासूसुद्धा प्रेमळ दिसायची! ती नाही. खुर्च्या उलट्या केल्या, सतरंजी झटकली. तुळशीराम तर टेबलाखाली रांगत रांगत शोधत होता. नाहीच मिळाली!

आणि भिकाजीच्या मनात पहिला किडा वळवळला. ‘हा एवढा का शोधतोय?’ बघा मंडळी, संशयाची चाल बघा! शोधतोय म्हणून संशय. न शोधता बसला असता तर? ‘हा शोधत का नाही?’ तरीही संशय! एकदा तो पाहुणा घरात आला की त्याला दोन्ही दारं चालतात.

घरी गेला. जेवला. कॉम्प्युटर लावला. साखरपुड्याचे सहाशे चाळीस फोटो उघडले — आणि पहिल्यांदाच आयुष्यात त्यानं नवरी बघितली नाही, नवरदेव बघितला नाही. मागचं बघायला लागला! कोपरे! मोठं करून करून बघतोय. कुठल्या फोटोत ती खुर्ची, कुठल्या फोटोत ती बॅग... आणि सापडलं! बॅगेत एक हात! मनगटावर तांब्याचं कडं. कडं कुणाचं? तुळशीरामचं! एक फोटो नाही, दोन नाही — अकरा फोटो! अकराही फोटोंत तुळशीरामचा हात भिकाजीच्या बॅगेत!

आता तुम्हीच सांगा, चोर कोण?

बघा, माना हलल्या! अहो नाना, तुम्ही पेटी वाजवा, निकाल देऊ नका.

मला एक सांगा — भिकाजीनं तुळशीरामला विचारलं का? ‘बाबा रे, माझ्या बॅगेत तुझा हात कशाला?’ एवढंच! नाही विचारलं! का नाही? विचारलं तर उत्तर मिळतं ना! आणि संशयाला उत्तर नको असतं. त्याला पुरावा हवा असतो, तोही आपल्या बाजूचा.

दुसऱ्या दिवशी स्वारी साताऱ्याला. दुकानदार मोठा बोलका. ‘साहेब, ही जुनी डिझाइनं विसरा! ही बघा. दोन्ही खांद्यांवर येते. प्रत्येक लेन्सला वेगळा कप्पा. पावसात भिजत नाही. आणि खरी गंमत — चेन कुठाय, सांगा?’ भिकाजी फिरवून फिरवून बघतोय, चेनच दिसेना! ‘चेन पाठीकडून! पाठीवर घेतली की तोंड तुमच्या पाठीला चिकटलं. वर तीन आकड्यांचं कुलूप. ब्रह्मदेव आला तरी हात घालता येणार नाही!’

घेतली! लगेच घेतली! घरी आणली. सुमनवहिनींनी विचारलं, ‘खांदा दुखतो म्हणून आणली होय?’

‘खांदा पण आहे आणि...’

‘आणि काय?’

‘चोऱ्या फार वाढल्यात.’

‘लग्नात? तिथं तर तुम्ही दोघंच असता बॅगेपाशी.’ बोलता बोलता वहिनींच्या ध्यानात आलं. मग म्हणाल्या, ‘अहो, तुळशीभावजींनी माझ्या बाळंतपणात रक्त दिलंय.’

भिकाजीनं ऐकलं न ऐकलंसं केलं.

पुढचं काम महिन्याभरानं, हणमंतरावांच्या मुलीचं लग्न. स्नेहल तिचं नाव, एकुलती एक. आई नव्हती बिचारीला. हणमंतरावांनी भिकाजीला आधीच बजावलेलं, ‘भिकाजीराव, बाकी कसंही काढा. पण अंतरपाट सरकला की माझी पोर वर बघेल ना, तो एक फोटो मला द्या. तिच्या आईचाही तसाच आहे घरात. शेजारी लावायचाय.’ म्हणजे काय? एक फोटो! त्या एका फोटोवर सगळी भिस्त!

सकाळी मांडवात तुळशीरामनं नवी बॅग बघितली. खूश झाला बिचारा!

‘अरे वा! नवी? बरं झालं, खांद्याला आराम. चेन कुठाय रं हिची?’

‘पाठीकडं.’

‘मग मी हात कुठनं घालू?’

मंडळी, इथं भिकाजी काय म्हणाला ऐका. हळू आवाजात म्हणाला. ‘तू कशाला घालतोस?’

संपलं. तीनच शब्द! तुळशीरामनं कॅमेरा उचलला आणि स्टेजच्या दुसऱ्या अंगाला जाऊन उभा राहिला. चौदा वर्षांत पहिल्यांदा ते दोघं दोन टोकांना उभे!

मुहूर्त आला. हातात अक्षता, मंगलाष्टकं सुरू. भिकाजी पुढं, पाठीवर बॅग, कुलूपबंद. सकाळपासून हळद, देवक, नवरदेवाची मिरवणूक — सगळे फोटो काढून झालेले. शेवटचं ‘सावधान’ आलं, अंतरपाट हलला, भिकाजीनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि... अंधार! बॅटरी संपली!

काळजी कसली? दुसरी बॅटरी आहे की बॅगेत! पण आता बॅग काढायची कशी? जुनी असती तर डोळा न हलवता हात घातला असता. ही आधी एका खांद्यावरून सोडवा, मग दुसऱ्या. मग जमिनीवर पालथी घाला. मग आकडे जुळवा — चार, एक, सात! वरून अक्षता पडताहेत, वाजंत्री सुरू, मागून कुणीतरी म्हणतंय, ‘ओ, बाजूला व्हा!’ चेन ओढली, झाकण पुढं पडलं, बॅटरी काढली, कॅमेऱ्यात घातली...

रिकामी! तीही रिकामी!

मान वर केली तेव्हा हार घालून झाले होते. स्नेहल वर बघून, हसून, पुन्हा खाली बघत होती. तो क्षण गेला, मंडळी. तो काही ‘थांबतो’ म्हणत नाही कुणासाठी.

विधी आटोपताच भिकाजी धावला, तुळशीरामला स्वयंपाकाच्या चुलवणापाशी गाठलं, आणि अंगावर ओरडला, ‘तुळशा! दुसरी बॅटरी भरलेली का नव्हती?’

ऐकलंत? काय विचारलं त्यानं? स्वतःची बॅटरी, स्वतःची बॅग, स्वतःचं कुलूप — आणि जाब कुणाला? तुळशीरामला! तोंडातून निघून गेलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. 

अहो, हा माणूस चौदा वर्षं गावभर बढाया मारत होता — ‘माझ्या दोन बॅटऱ्यांत अख्खं लग्न निघतं!’ एक घरून भरून आणायचा. दुसरी? दुसरी आपली कायम भरलेलीच! कशी, ते कधी विचारलं नाही. चांगलं चाललेलं असलं की आपण तरी कुठं विचारतो?

तुळशीराम म्हणाला, ‘मला दिव्यांसाठी वीज लागते, माझा बोर्ड असतोच मांडवात. तुझी संपलेली काढायची, बोर्डाला लावायची, भरली की परत टाकायची. दिवसातनं पाच-सहा वेळा व्हायचं.’

‘मला कधी बोलला नाहीस!’

‘त्यात बोलायचं काय?’

‘मग आज का नाही?’

‘आज बॅग तुझ्या पाठीवर, कुलूप तुझं. मागितली असती, तर तू काय समजला असतास?’

मंडळी, अकरा फोटो खोटे होते का? एकही खोटा नव्हता! हात तुळशीरामचाच होता, बॅगेतच होता. पण फोटोत हात दिसतो — हात घालतोय की काढतोय, ते फोटोत दिसत नाही! रिकामी काढणारा आणि भरलेली ठेवणारा, हात एकच! यावर एक साकी जुळवली आहे मी. नाना, द्या सूर —

हात दिसतसे, हेतू न दिसे, डोळा साक्षी कच्चा ।
चोरासाठी कुलुप लावता बाहेर अडे सच्चा ॥

पुढं काय झालं? हणमंतरावांना फोटो मिळाला. भिकाजीनं काढलेला नव्हे — तुळशीरामनं आपल्या व्हिडिओतून ते एक चित्र वेगळं काढून दिलं. थोडं पुसट आहे, पण पोरीचे डोळे बरोबर आलेत. आईच्या फोटोशेजारी लागलंय.

पण त्या चुलवणापाशी अजून एक गोष्ट झाली. भिकाजी म्हणाला, ‘चल, झालं गेलं सोड.’ तुळशीरामनं हात धरला त्याचा. म्हणाला, ‘नाही सोडायचं. आधी विचार.’

‘काय?’

‘जे महिनाभर मनात घोळवतोयस ते. तोंडावर विचार.’

भिकाजीनं शेवटी खाली मान घालून विचारलं, ‘लेन्स... तू घेतलीस का?’

‘नाही.’

बस्स. एवढंच. शपथ नाही, देवाची आण नाही. ‘नाही’ म्हणाला आणि भिकाजीच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

आता तुम्ही वाट बघत असाल की बुवा सांगणार, लेन्स शेवटी अस्तरात सापडली! किंवा कुणा पाहुण्यानं आणून दिली! नाही सापडली, मंडळी. आजतागायत नाही! मग खरंच कुणी नेली? मला ठाऊक नाही. खरं सांगू? हे आख्यान मी इतक्यांदा सांगितलं, पण दर वेळी इथं आलो की माझ्याही मनात पाल चुकचुकते — रोज बॅटरी भरणाऱ्यानंच एखाद्या दिवशी लेन्स उचलली नसेल कशावरून? दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून होऊ शकतात की! बघा माझं मन कसं आहे. कीर्तनाला उभा राहून असलं बोलतोय!

भिकाजीपाशीही याहून जास्त काही नव्हतं. एका बाजूला अकरा फोटो. दुसऱ्या बाजूला एक ‘नाही’. आणि त्याला निवडायचं होतं, दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला कुठली बॅग न्यायची!

त्यानं जुनी उचलली. तुटक्या बक्कलाची. खांदा अजून दुखतो त्याचा, आणि आता पन्नाशीत जास्तच दुखतो. नवी बॅग वाईट नव्हती हो! तिच्यात सुमनवहिनी रेशनकार्ड आणि घराचे कागद ठेवतात, एकदम सुरक्षित! पण मांडवात जुनीच येते. खुर्चीवर, उघडी.

आता तुमच्याकडे वळतो. कुणी घरी जायची घाई करू नका.

तुम्ही कपाटाला कुलूप लावा, दाराला लावा, मी नको म्हणणार नाही. चप्पल हवी तर पिंपळावर टांगा! पण एक कुलूप तुम्ही चोरासाठी लावलेलं नाही. ते भावासाठी लावलंय. सुनेसाठी लावलंय. जोडीदारासाठी लावलंय. कधीतरी त्याचा हात दिसला होता तुम्हाला, आणि मग तुम्ही मनाची चेन पाठीकडं फिरवून घेतली. खरं की नाही? आणि त्या देवालासुद्धा सोडलं नाहीत! त्यानं एखादी गोष्ट आयुष्यातून काढून घेतली की लगेच म्हणता, ‘नेलं! लुबाडलं!’ अरे, संपलेलं काढून भरलेलं ठेवायला आला असेल तो. परत येईपर्यंत तोंड उघडं ठेवलंत का बॅगेचं?

आज घरी गेलात की एकच करा. ज्याच्यावर संशय आहे, त्याच्यापुढं बसा आणि तोंडावर विचारा. तो ‘हो’ म्हणाला तर भांडा, मिटवा, मोकळे व्हा.

पण तो ‘नाही’ म्हणाला — आणि तुमच्या तोंडाकडं बघत उभा राहिला — तर? तेव्हा मांडवात बुवा नसेल, पेटी नसेल, सांगायला कुणी नसेल. तेव्हा तुम्ही कुठली बॅग उचलता, ते फक्त त्याला दिसेल आणि विठोबाला.

हात वर करा सगळ्यांनी, आणि नाव घ्या त्याचं!