ओटीवरचं धनुष्य

मुलगी बघायला आलेल्यांना कोणी धनुष्य दाखवतं का गो? आमच्या ह्यांनी दाखवलं. धनुष्यं बनवायचं नवंच वेड होतं. नणंदेला कसंबसं एक स्थळ सांगून आलं होतं, आणि पाहुणे दारात असताना ओटीच्या खांबाला वाकवून बांधलेला बांबू!

"ओ, तो सोडा आधी."

"सोडलो तर सरळ होतलो!"

तेवढ्यात मुलाचे वडील बांबू चाचपत म्हणाले, "माका पण जरा शिकवा."

मग दुपारभर दोघे कोयत्याने बांबू तासत बसले. नणंद पोहे घेऊन आली, तरी कोणी मान वर केली नाही.

जाताना मीच विचारलं, "मुलगी पसंत आहे ना?"

"अरे हां, मुलगी! ती बघूक उद्या येतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच आले, खांद्यावर नवा बांबू घेऊन.