खालच्या ओळीचं पाठांतर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आमच्या डॉक्टरबाई, सहकारी मित्रमैत्रिणींनो, आणि सर्टिफिकेट न्यायला येऊन बाईंसाठी मुद्दाम थांबलेल्या चालकबंधूंनो, सर्वांना नमस्कार.

सव्वीस वर्षं बाईंनी ट्रक, बस, टँकर चालवणाऱ्यांचे डोळे, कान, रक्तदाब तपासले. त्यांचा धाक तुम्हाला ठाऊकच आहे. एक दादा म्हणाले होते, "बाई, जिना चढून आलो ना, म्हणून बीपी वाढलंय." बाई म्हणाल्या, "दादा, आपण तळमजल्यावर आहोत."

मी इथे दोन वर्षं डोळे तपासते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. शिकायला इतकं काही असताना डोळ्यांचंच का शिकले, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगते.

माझे बाबा ट्रक चालवायचे. पंचेचाळिशी उलटली आणि त्यांना लांबचं अंधूक दिसू लागलं. चष्मेवाल्याला मालक गाडी देत नाही, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. तेव्हा इथे अक्षरांचा एकच तक्ता असे. तपासणी करून बाहेर आलेला माणूस नळावर पाणी पिता पिता रांगेतल्यांना खालची ओळ सांगायचा. बाबा ती कुणाकडून तरी लिहून घेऊन आले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी आठवीत होते. म्हणाले, "आता तू माझी मास्तरीण."

आई भाजी निवडत होती. "शाळेत एवढं पाठ केलं असतं, तर आज साहेब झाला असतात!"

"अगं, मग तुझ्या वाट्याला कुठून आलो असतो?"

आठ दिवस मी त्यांची परीक्षा घेतली. आधी हा डोळा झाकून, मग तो. "बाबा, घडाघडा म्हणू नका, मध्ये जरा अडखळा," हेही मीच शिकवलं. ते पास झाले. मला पेन आणून दिलं. गुरुदक्षिणा!

चार महिन्यांनी, दिवेलागणीच्या वेळी, रस्त्यात बंद पडलेला ट्रेलर त्यांना दिसला नाही. बाबा जागीच गेले.

मान्यवरहो, हे मी कधीच बोलले नसते. पण गेल्या आठवड्यात बाईंचं कपाट आवरताना एका फायलीतून जुना फॉर्म निघाला. बाई म्हणाल्या, "तो राहू दे, घरी नेणार आहे. हा माणूस माझ्या हातून गेला गं. कुणी दोष दिला नाही मला. पण मी नीट बघितलं असतं तर? त्यानंतर मी तक्ते बदलायला लागले." फॉर्मवर बाबांचा फोटो होता. माझं आडनाव आता सासरचं, बाईंना कळणार कसं? मी मान हलवली आणि फाइल बांधून ठेवली.

बाई, तुम्ही नीटच बघितलं होतं. फसवलं आम्ही. चष्मा लावून गाडी चालवता येते, हे तुम्ही बाबांना तिथल्या तिथे सांगितलं असतं. आम्ही तुम्हाला ते सांगूच दिलं नाही. बारा वर्षं माझ्या चुकीचं ओझं तुम्ही वाहिलंत. तो फॉर्म घरी नेऊ नका. मला द्या.

चालकबंधूंनो, तक्ता आता रोज बदलतो, तरी नळावर तुमची कुजबुज चालतेच. मला खिडकीतून ऐकू येते. दिसत नसेल तर आत येऊन "दिसत नाही" एवढंच म्हणा. पुढचं मी बघते.

संयोजकांनी मला दोन मिनिटं दिली होती, मी जास्त घेतली. तरी कुणी घंटा वाजवली नाही, याबद्दल त्यांचे आभार. हाराफुलांच्या प्रसंगी हे बोलायला नको होतं, असं ज्यांना वाटलं असेल, त्यांनी मला पदरात घ्यावं. सभेची क्षमा मी रीतीप्रमाणे मागते. बाई, तुमची मात्र रीत म्हणून मागत नाही.