अर्ध्याहून कमी चौकोन

थांबा सायब, थांबा! त्या हिवराच्या झाडाखाली सब्बल नका मारू — हद्दीचा दगड तिथं नाही. मले इचारा ना, या कस्तुराबाईले. तीस वर्सं झाले, दोन वावरांमधला हा धुरा, हा बांध, मी पायाखाली घालून राह्यली. इकडं सावलीत या. यंत्र राहू द्या उभं, त्याले कोन नेते? पानी घ्या. मोजणीचा अर्ज भागिरथानं केला न? माही देरानी, धाकटी जाऊ — मालूम हाये मले. करू द्या. पन या वावराचा आकडा मले तुमच्या यंत्राच्या आंधीपासून तोंडपाठ हाये. हसता काहून? ही वही पाहा.

माह्या पोरीची, रुचिकाची. आता जऊळक्याले देली तिले. सातवीत होती तवा मास्तरनं चौकोनाच्या कागदावर हाताचा पंजा काढाले लावला अन् सांगतलं, याची जागा काढा — पुरे चौकोन मोजाचे, अर्ध्याहून जास्त असन तं एक धराचा, अर्ध्याहून कमी असन तं सोडून द्याचा. म्या म्हटलं, पंजा काय मोजतं पोरी, वावर मोजू! धा पावलं म्हंजे चौकोनाची एक बाजू. नाल्याकडून हे असं वाकडंतिकडं, म्हैस बसल्यावानी — मायलेकी दिवसभर चाललो. दोनशे धा निघाले. मंग दरसाल पेरणीच्या आंधी मोजत गेली. दोनशे नऊ. दोनशे आठ. धा वर्सात दोनशे चार! कुठी गेले सहा? दौलतरावच्या वावरात गेले, माह्या दिराच्या. दरसाल नांगराचं एक तास धुऱ्यातून कोरे — एकच तास, सायब, डोयाले दिसे नाही, कागदावर दिसे. वही दाखवली का हसे — "वैनी, अर्ध्याहून कमी हाये, सोडून दे." म्या सोडलं. धा वर्सं सोडलं. जीव जळे माहा, पन सोडलं.

यंदा? यंदा पुन्हा दोनशे धा भरले. कसे म्हंजे? धुरा जुन्या जागी आनला म्या — म्हंजे त्यानंच सोडला, होळीच्या आंधी, खुशीनं. मंग थो पुण्याले गेला. म्या सोता पाह्यलं, रिसोडच्या एसटीत बसतानी. का जीप होती? जीपच होती. भागिरथा म्हनते, नवे जोडे घरी टाकून मानूस पुण्याले जाते काय? तिले काय मालूम, जुन्या चपला तं अजून त्याच्या पायातच — जाऊ द्या.

माती नरम दिसते? उंदरं उकरतेत, बाप्पा. वहीत थो हिवराचा चौकोन काळा केला, हो, म्याच केला. मोजाले सोपं जाते. मले एक सांगा, तुमी शिकले-सवरले — धा पावलं लांब, धा पावलं रुंद चौकोनात मानूस आडवा निजला तं केवढी जागा घेईन? म्या काढली. अर्धा सोडा, पावही भरत नाही. मास्तरचा कायदाच हाये, सायब. असा सोडून द्याचा असते. मोजाचा नाही.

वही द्या इकडं. झाली मोजणी, लिहा दोनशे धा अन् जा. — कुठी चालले? गाडी रस्त्याकडं हाये, तिकडं नाही. सायब, सब्बल खाली ठेवा. सायब —