चौथी लेव्हल

दीपमाला : दोन कात्र्या या खोक्यात पडल्यात आणि तिसरी परत करायला अप्पा स्वतः दुकानात गेलेत, राजूच्या गाडीवर मागे बसून. साई, एका माणसाला गुलाब काढायला किती कात्र्या लागतात?

साई : ताई, तू आत्ता लासलगावहून आलीस. चहा पी, आईशी बोल. माहेरी येऊन कात्र्या काय मोजतेस?

दीपमाला : आईनंच सांगितलं. कौतुकानं सांगितलं बरं का. म्हणाली, तुझा बाप आता कात्रीवाल्याला नावं ठेवायला लागला, म्हणजे बरा झाला.

साई : मग चांगलंच आहे की.

दीपमाला : ही धर. दाब.

साई : दाबली.

दीपमाला : जड गेली?

साई : नाही.

दीपमाला : आता ही दुसरी.

साई : हीपण ठीक आहे. तुला काय सिद्ध करायचंय?

दीपमाला : दोन्ही चांगल्या आहेत. मग अप्पांकडून दोन्ही का मिटत नाहीत? साडेचार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, तेव्हा चमचासुद्धा धरता येत नव्हता, मी होते इथं. पण आता ते त्या गेममध्ये चाळिसाव्या लेव्हलला आहेत ना? फोटो तूच पाठवलास. मी सासरी सगळ्यांना दाखवत फिरले.

साई : गेम वेगळा, कात्री वेगळी.

दीपमाला : वेगळी कशी? फिजिओथेरपीच्या ज्योत्स्ना मॅडमनी माझ्यासमोर समजावलं होतं. रबरी चेंडू टॅबला जोडायचा. चेंडू दाबला की पडद्यावरचा पक्षी उडतो, सोडला की खाली येतो. लेव्हल चढेल तसा दाब जास्त लागतो. चाळिसाव्या लेव्हलचा माणूस छाटणीची कात्री हसत हसत मिटवेल.

साई : एकेकाचा हात वेगळा असतो.

दीपमाला : मघाशी तो चेंडू मी हातात घेतला. दाबला नाही, नुसतं बोट टेकवलं. पक्षी तीन डोंगर ओलांडून गेला.

साई : सेटिंग बिघडलं असेल.

दीपमाला : सेटिंगला हात कुणी लावला?

साई : हळू बोल. आई मागे गुलाबाच्या जुड्या बांधतेय.

दीपमाला : मी हळूच बोलतेय. तू बोल.

साई : नऊ दिवस, ताई. नऊ दिवस ते चौथ्या लेव्हलला अडकले होते. त्यात पक्षी फांदीवर दहा सेकंद बसवून धरायचा. अप्पांचा आधीच सुटायचा. नवव्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं चेंडू भिंतीवर फेकला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दोन दिवस जेवले नाहीत. आई माझ्यापाशी येऊन रडली. तू नव्हतीस इथं. मी काय करायला हवं होतं?

दीपमाला : मॅडमना फोन.

साई : त्या म्हणाल्या असत्या, प्रयत्न चालू ठेवा. ते आम्ही करतच होतो. मग मी नेटवर शोधलं. कुणीतरी लिहिलं होतं, पडद्याच्या कोपऱ्यातल्या व्हर्जन नंबरवर सात वेळा टकटक केलं की दुरुस्तीवाल्यांचं पान उघडतं. तिथं दाब कमी करता येतो. मी एकाच लेव्हलपुरता केला. आईशप्पथ, एकाच.

दीपमाला : आणि पाचवी?

साई : चौथी खरी जमलेली नसताना पाचवी कशी जमणार? मग परत थोडा कमी केला. मग परत. अप्पा जेवायला लागले, ताई. दाढी करून बसायचे सकाळी टॅब मांडून. आई गाणी म्हणायला लागली. मला वाटलं, मन उभं राहिलं की हात मागोमाग येईल.

दीपमाला : तुला वाटलं.

साई : आणि हे तूच शिकवलंस मला. तुझी निळी वही आठवते? पंचवटीतल्या कॉम्प्युटर क्लासमधून गेमचे चीट कोड उतरवून आणायचीस. गाड्यांच्या गेममध्ये मी रडायला लागलो की कोड टाकायचीस, पोलिसांच्या गाड्या गायब. अडकलं की कोड टाकायचा, एवढंच मला कळलं तेव्हा.

दीपमाला : सहा वर्षांचा होतास तू. पोलिसांच्या गाड्या गायब झाल्या, गेम संपला, आपण जेवायला गेलो. तुझं काय बिघडलं त्यात? बरं, मग त्या तुझ्या मित्राला, लखनला, ऑनलाइन गेमच्या टीममधून का काढलंस? त्यानंही कोडच टाकला होता. आठ दिवस घरात थयथयाट केला होतास, माझ्या टीममध्ये चीटर नको म्हणून.

साई : ते वेगळं. तो भिंतीपलीकडचं दिसणारं हॅक लावायचा. समोर खरी पोरं खेळत होती, त्यांना फसवलं त्यानं. अप्पांच्या समोर कोण होतं?

दीपमाला : कुणी नव्हतं. म्हणून तर सगळं त्यांच्याच अंगावर आलं.

साई : असं नको ना बोलू.

दीपमाला : हा कागद बघ. अप्पांच्या फाइलमध्ये होता.

साई : मॅडमचं माहितीपत्रक आहे ते.

दीपमाला : वाचलंस कधी?

साई : गाइड कोण वाचतं, ताई? आमच्यात गाइड बघून खेळणाऱ्याला हसतात.

दीपमाला : कोड चालतो आणि गाइड चालत नाही?

साई : कोड निदान डोकं चालवून शोधावा लागतो. गाइड म्हणजे कुणीतरी बोट धरून नेणार.

दीपमाला : बोट धरण्याचीच तर वेळ होती. मी पेनानं खूण केलीय, ते वाच. मोठ्यानं.

साई : 'चौथी पातळी रुग्णास सर्वांत अवघड जाते. येथे तीन ते चार आठवडे लागणे स्वाभाविक आहे. रुग्ण चिडतो, रडतो, कधी जेवण टाकतो. घरच्यांनी घाबरून जाऊ नये. मागील बाजूस दिलेला पाच सेकंदांचा सराव करून घ्यावा. पातळी बदलू नये.'

दीपमाला : तीन ते चार आठवडे.

साई : ते सातपर्यंत आले होते, ताई.

दीपमाला : काय सातपर्यंत?

साई : सात सेकंद. पहिल्या दिवशी दोन होते. नवव्या दिवशी सात. मीच लिहून ठेवायचो.

दीपमाला : आणि मॅडम? आधी आठवड्यातून तीन वेळा बोलवायच्या. ते का बंद झालं?

साई : गेमचे आकडे त्यांच्याकडे जातात. त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, प्रगती फारच छान दिसतेय, घरी मूठ मिटते का, पाण्याचा तांब्या उचलतात का?

दीपमाला : तू काय सांगितलंस?

साई : हो म्हणालो.

दीपमाला : साई.

साई : नाही म्हणालो असतो तर सगळं उघडं पडलं असतं. अप्पा तेव्हा पंधराव्या लेव्हलला होते, त्या दिवशी आईनं शिरा केला होता. मी तोंडात घास घेऊन फोनवर बोललो. मॅडम म्हणाल्या, मग आता दोन महिन्यांनी या, तोवर घरीच चालू ठेवा.

दीपमाला : पहिल्या सहा महिन्यांत हात शिकतो तेवढा पुढे शिकत नाही, हे त्यांनी आपल्या दोघांना बसवून सांगितलं होतं. त्यातला दीड महिना हा हात नुसता चेंडूवर ठेवलेला होता. तुझ्या लक्षात येतंय का, मी कशासाठी ओरडतेय?

साई : तू ओरडत नाहीयेस. ओरडली असतीस तर बरं वाटलं असतं मला.

दीपमाला : आज सांगायचं त्यांना.

साई : आज नको. हळूहळू वाढवतो मी दाब, रोज थोडा. त्यांना कळणारसुद्धा नाही.

दीपमाला : आणि कात्र्या? रोज नवी आणायची? चाळिसावी लेव्हल खरी मानली की मग हात चांगला, कात्रीच वाईट. त्यांचं काही चुकलेलं नाही, तू त्यांना दुसरं काही समजायला जागाच ठेवली नाहीस.

(बाहेर मोटरसायकल थांबते. गोटीराम आत येतो, डाव्या हातात कात्री.)

गोटीराम : दीपा, कधी आलीस गं? बस, बस. आज त्या दुकानदाराशी लय वाजलं माझं.

दीपमाला : काय झालं अप्पा?

गोटीराम : म्हनतो, कात्री चांगली हाय. म्हनलं, बाबा रे, तीस वर्षं झाली मखमलाबादला गुलाब काढतोय, तू मला कात्री शिकवू नको. तर त्यानं काय करावं? त्याची नात बसली व्हती गल्ल्यापाशी, दुसरीत-तिसरीत आसंल. तिच्या हातात दिली. तिनं कटकन मिटवली.

साई : अप्पा, बसा ना आधी.

गोटीराम : दोन्ही हातांनी मिटवली आसंल, मला नीट दिसलं नाय. दुकानातली मान्सं हसली. राजू बी हसला, माझा गाडीवाला. म्हनलं हसा. माझा हात चाळिसावर हाय, मॅडमचं मशीन काय खोटं बोलंल? आन् आपल्या गड्याला, झिपरूला बी कालच सांगून टाकलं, सोमवारपास्नं येऊ नको, गुलाब मीच काढनार. साई, तो टॅब भरून ठेव रं. उद्या नेऊन दाखवतो त्या दुकानदाराला, समद्यांसमोर.

साई : टॅब नका नेऊ, अप्पा.

गोटीराम : का? खराब झाला?

साई : मशीन खोटं बोलतंय.

गोटीराम : मशीन कसं खोटं बोलंल?

साई : मी बोलायला लावलं. तुम्ही चेंडू फेकला होता ना, त्या रात्री मी आतलं सेटिंग बदललं. नुसता हात ठेवला तरी पक्षी उडेल असं करून टाकलं. तुम्ही जेवत नव्हता म्हणून केलं. पण केलं मी.

गोटीराम : दीपा, हा काय बोलतोय?

दीपमाला : खरं बोलतोय, अप्पा. मी मघाशी बघितलं.

गोटीराम : चाळिसावी?

साई : नाही, अप्पा.

गोटीराम : आन् पंचविसावी झाली तवा शेजारच्यांना बोलवून दाखवली, ती?

साई : तीपण नाही.

गोटीराम : तुझ्या आईनं शिरा केला ती?

साई : नाही.

गोटीराम : मग माझी कोनती?

साई : पहिल्या तीन. पहिल्या तीन तुमच्या आहेत.

गोटीराम : तीन.

दीपमाला : अप्पा, पाणी देऊ?

गोटीराम : नको. मी त्या दुकानात काय काय बोललो, दीपा. त्या मानसाला लबाड म्हनलो मी. एवढ्याशा पोरीसमोर.

साई : मी जातो उद्या त्यांच्याकडे. पाया पडतो.

गोटीराम : तू गप रं. मला लहान पोर समजलास का? पोराला खेळात जिंकवत्यात तसं जिंकवलंस मला. आन् मी बी येडा, टाळ्या घेतल्या.

साई : चुकलं अप्पा. फार चुकलं.

गोटीराम : पन ते नऊ दिवस? चौथीवर नऊ दिवस मी दाबत व्हतो, घाम यायचा, ते तरी खरं व्हतं का?

साई : ते खरं होतं. अगदी खरं.

गोटीराम : किती यायचे सेकंद?

साई : शेवटी सात.

गोटीराम : आन् लागत व्हते दहा.

साई : हो.

गोटीराम : तीनच कमी व्हते म्हंजी.

दीपमाला : तीनच होते, अप्पा. मॅडमच्या कागदात लिहिलंय, तिथं महिना लागतो सगळ्यांनाच. आपण कुणी तो वाचला नाही. मीही नाही. मी फाइल लावून दिली आणि गाडी पकडली.

गोटीराम : लाव.

साई : काय?

गोटीराम : चौथी. व्हती तशी लाव, जशीच्या तशी. काय बी कमी करू नको.

साई : आत्ता नको अप्पा, तुम्ही दमून आलात.

गोटीराम : लाव म्हनतो ना.

दीपमाला : लाव साई. अप्पा, कोपर उशीवर ठेवा. कागदात असं दिलंय. अंगठा वरून. हं.

साई : सुरू झालं.

गोटीराम : बसला का पक्षी?

साई : बसला. धरा. धरून ठेवा.

गोटीराम : सुटला.

साई : हो.

गोटीराम : किती झाले? खरं सांग.

साई : चार.

गोटीराम : सातचे चार झाले.

साई : माझ्यामुळं झाले.

गोटीराम : तुझ्यामुळंच झाले. रडू नको आता, पडदा पूस आन् पुन्यांदा लाव.

दीपमाला : आधी मॅडमना फोन लावायचा. आणि अप्पा, फोनवर साई बोलेल. हो म्हणालेला तोच आहे.

साई : बोलतो. पण त्या काय म्हणतील?

दीपमाला : जे म्हणायचं ते म्हणतील. ऐकून घे. आणि उद्याची वेळ माग, दोन महिन्यांनंतरची नाही. मी थांबते आठवडाभर, सासरी कळवते तसं.

गोटीराम : आन् एक ऐका दोघं. तुमच्या आईला, मालनला, एवढ्यात काय सांगू नका.

दीपमाला : का?

गोटीराम : आत्ता कुठं झोपाया लागलीय ती रातची. साडेचार महिने माझ्या उशाशी बसून काढलेत तिनं. चौथी पार झाली का मीच सांगीन तिला, माझ्या तोंडानं. तोवर राहू दे चाळीस.

दीपमाला : साईनं वेगळं काय केलं होतं, अप्पा?

गोटीराम : मी काय तिला फसवाया सांगत नाय. तिनं पुन्हा खंगू नये म्हनून.

दीपमाला : त्यालाही तुम्ही खंगू नये असंच वाटत होतं.

साई : ताई, राहू दे. आज एवढं पुरे त्यांना.

गोटीराम : नाय, ती बरोबर बोलतीय. साई, जा, बोलव तुझ्या आईला. तिच्यादेखतच हरतो.