मोबाईलवर उघडणारं पान

अबोली : काका, कॉम्प्युटर राहू द्या. माझ्या मोबाईलवर बघा तुमची वधू-वर साईट.

दत्तोपंत : तीच तर आहे, अबोली. आपलं मंडळ, माझा फोटो, खाली माझी सही.

अबोली : वरचा पत्ता वाचा.

दत्तोपंत : हा... हा आपला नाही गं.

अबोली : नाहीच. तुमच्या पानाच्या तळाशी कुणीतरी चार ओळींची स्क्रिप्ट घुसवलीय. मोबाईलवरून कुणी आलं की ती त्याला गुपचूप या खोट्या पानावर नेऊन सोडते.

दत्तोपंत : अगं, मी रोज सकाळी आंघोळ झाली की साईट उघडतो. अक्षर न् अक्षर तपासतो!

अबोली : पासवर्ड टाकून उघडता ना? मालक आला की ती दडी मारते. तुम्हाला दिसायचीच नाही.

दत्तोपंत : मग काढ की! बघत काय बसलीस?

अबोली : दोनदा काढली. हे बघा, पान स्वच्छ. आता पुन्हा उघडते... आली परत. फोटोंमध्ये दुसरी फाईल दडवलीय कुठंतरी, ती हिला पुन्हा लिहितेय. ती सापडेपर्यंत अख्खी साईट बंद करू.

दत्तोपंत : तीनशे मुली आहेत त्यात! लग्नसराई तोंडावर आलीय. इंदापुरात लोक काय म्हणतील मला?

अबोली : त्या मुलींसाठीच म्हणतेय. मोबाईलवरून भरलेला फॉर्म तुमच्याकडे येतच नाही. नाव, फोटो, नंबर, सगळं त्या खोट्या पानवाल्यांकडे जातं. आठवडाभरात किती फॉर्म आले?

दत्तोपंत : एकही नाही. थांब... लासुर्ण्याच्या कौसल्याबाई परवा म्हणाल्या होत्या, मुलीचा भरला म्हणून.

अबोली : लावा फोन. स्पीकरवर.

(फोन लागतो.)

कौसल्या : शंभर वर्षं आयुष्य हाय तुमाला, गुरुजी! आत्ताच तुमचं नाव काढलं. वृषाली गेली बगा बारामतीला.

दत्तोपंत : कशाला?

कौसल्या : आवं, तुमीच धाडलेलं स्थळ न्हवं का! माझ्या फोनवर निरोप आला, तुमच्या फोटोसकट. मुलगा म्हनला, आदी आमी दोघंच बोलतो, मग मोठी मानसं. तिचा बाप नको म्हनत हुता. मीच म्हनलं, गुरुजींनी पारखलंय.

दत्तोपंत : कौसल्याबाई, मी कुठलंही स्थळ पाठवलेलं नाही.

कौसल्या : आसं काय म्हनता?

अबोली : मावशी, मी गुरुजींची पुतणी. वृषाली त्याला कुठं भेटणार आहे?

कौसल्या : स्टँडवर. त्यो गाडी घिऊन येनार हुता. फुडचं त्यालाच ठावं.

अबोली : तिला आत्ताच्या आत्ता फोन करा. कुणाच्याही गाडीत बसू नको म्हणावं.

कौसल्या : कशावर करू?

दत्तोपंत : तिच्या मोबाईलवर, बाई!

कौसल्या : त्यो दुकानात पडलाय, गुरुजी. तुमचं पान उघडताना मधीच दुसरं कायतरी येतंय, म्हनून मी तुमाला इचारलं हुतं. तुमीच म्हनला, आमच्या साईटला काय बी झालेलं न्हाय, पोरीचा मोबाईल बिघडलाय, दुरुस्तीला टाका.