तळची फळी

चन्नव्वा : ...आन् बाबूलालच्या टपरीची? ती फळी आली का?

वीरण्णा : आली. जिलबीच्या पाकानं चिकट झालेली. त्याच्या बायकोनं घासून धुऊन दिली. म्हणाली, न्हाईतर नदीला मुंग्या लागतील.

चन्नव्वा : शहाणी हाय. आन् मठातली, भजनाला बसायची?

वीरण्णा : ती बी आली. शाळेतली आली, किशनरावाच्या गोठ्यातली आली. एवढी मोठी पुराची भिंत बांधली, गाडीवाटंला तोंड ठेवलं, पूर आला की हे तोंड ह्या फळ्यांनी बंद करा म्हणून दिल्या. पूर काही येईना. मग ज्यानं त्यानं उचलल्या. लेकी नांदायला गेल्यागत गावभर गेल्या. आज सकाळपासनं एकेकीला माहेरी आणायलोय.

चन्नव्वा : मग बसवायला लागा की. पाणी थांबतंय व्हय तुमच्यासाठी?

वीरण्णा : चहा लई गोड झालाय, अक्का.

चन्नव्वा : साखर घातलीच न्हाई मी. तुला शुगर हाय म्हणून.

वीरण्णा : तरी बी. चव आलीय.

हणमंतप्पा : अगं, तो फळी मागायला आलाय. माझ्या पाठीखालची.

वीरण्णा : दाजी, जागं हाव व्हय?

हणमंतप्पा : टरबुजाच्या ट्रॅक्टरवरनं पडल्यापासनं आडवाच हाय, म्हणून झोपलाच असंल असं कामून धरतूस? सगळं ऐकायलोय. बाकीच्या फळ्या तोंडाशी रांगंनं उभ्या हाईत आन् एकबी बसवता येईना. कारण तळची हितं हाय. खाचंत ही पहिली उतरायची, मग बाकीच्या हिच्या उरावर. खरं का खोटं?

वीरण्णा : खरं.

हणमंतप्पा : मग चहाची चव कसली सांगतूस? ने की.

वीरण्णा : मीच आणून दिली हुती ना. कलबुर्गीच्या डॉक्टरनं सांगितलं, कडक फळीवर निजवा. गावात हिच्यापरास सरळ सागवान कुठं हुतं? दिलेलं मागं कसं न्यायचं, दाजी, ते बी माणूस वर असताना.

हणमंतप्पा : मला ज्वारीच्या पोत्यांवर निजवा.

चन्नव्वा : आन् पाणी आल्यावर? ज्वारीला मोड येतील, त्यात तुम्हाला बी येतील.

वीरण्णा : अक्का, नुसत्या फळीचं काम न्हाई माझं. गाणगापूरला संगमाच्या पायऱ्या सकाळीच पाण्यात गेल्या. वरच्या धरणातनं अजून पाणी सोडायलेत. हे घर भिंतीच्या बाहेर. एकदा फळ्या बसल्या की तुम्हाला आत यायला वाट न्हाई. आत्ताच निघायचं, दोघांनी.

चन्नव्वा : मला कशाला सांगतूस? माझं गाठोडं पहाटेच बांधून झालंय. ह्यांना सांग. भिंत आपल्या घराला वळसा घालून न्यायची म्हणून साहेब आले हुते, तवा कोण म्हणलं, माझ्या खिडकीपुढं भिंत नगं?

हणमंतप्पा : मी म्हणलो. आजबी म्हणतो. जलम गेला ह्या नदीच्या वाळूत टरबुजं लावण्यात. लेकरांची लग्नं हिच्यावर झाली. ती दारात यायली आन् मी दार सोडून पळू?

वीरण्णा : तिला सोयरी समजायलाव, दाजी. ती पाणी हाय.

हणमंतप्पा : भिंत नव्हती तवा बी आली हुती, तुझ्या अक्काला विचार. आम्ही दोघं माळ्यावर चढून बसलो. खाली कणगी तरंगायलेली, आन् ही वर बसून ओव्या म्हणायलेली.

चन्नव्वा : भ्यायले हुते म्हणून म्हणायले हुते.

हणमंतप्पा : काय हुती गं ती?

चन्नव्वा : आता ओव्या म्हणायची येळ हाय का ही?

हणमंतप्पा : म्हण. मग ठरवतो.

चन्नव्वा : ऐका मग, आन् लगेच ठरवा.
भीमाई गं बाई, उंबऱ्यापाशी थांब,
कपाळाचं कुंकू माझं तुझ्या पुराहून लांब.

हणमंतप्पा : थांबली का न्हाई मग ती?

चन्नव्वा : थांबली, माळ्याखाली. पर तवा तुम्ही मला हात देऊन माळ्यावर ओढून घेतलं हुतं. आज मी तुम्हाला कशी ओढू?

हणमंतप्पा : तू जा ना. फळी घेऊन जावा दोघं भाऊ-बहीण.

चन्नव्वा : जाते की. तुम्ही पुढं निघा, मी मागनं येते. लग्नात बी असंच ठरलं हुतं.

हणमंतप्पा : वीरण्णा, तू तरी हिला सांग.

वीरण्णा : मी तुम्हालाच सांगतो. बाहेर चौघंजण उभे हाईत. त्यांना बोलून आलोय, फळी आणायची तर दाजीसकट आणायची. नुसती फळी आली तर मी तिला खाचंत उतरू देणार न्हाई.

हणमंतप्पा : म्हंजे? तोंड उघडं ठेवणार?

वीरण्णा : उघडं ठेवणार.

हणमंतप्पा : आन् गावात पाणी शिरलं तर?

वीरण्णा : शिरू दे.

हणमंतप्पा : पंचायतीत निवडून आलेला माणूस तू. माझ्यापायी गाव बुडवशील?

वीरण्णा : तुम्ही बुडवायलाव, दाजी. मी नुसता बघत उभा राहणार.

हणमंतप्पा : हे खरं बोलायलाय का गं हा?

चन्नव्वा : लहानपणी पतंगासाठी विहिरीत उडी टाकली हुती ह्यानं. पोहायला येत नव्हतं. वर काढला तर हातात पतंग हुता.

हणमंतप्पा : फाटलेला असंल.

चन्नव्वा : फाटला तर फाटला, सोडला न्हाई.

हणमंतप्पा : (खिडकीतून नदीकडे बघतो.)

चन्नव्वा : काय बघायलाव खिडकीतनं? ती काय सांगणार हाय तुम्हाला?

हणमंतप्पा : डोकं कुठल्या अंगाला करून नेणार मला?

वीरण्णा : तुम्ही म्हणाल तसं.

हणमंतप्पा : डोकं गावाकडं. म्हंजे जाताना नदी दिसंल.

चन्नव्वा : अय्यो, पर चौघांच्या खांद्यावर असं आडवं न्यायचं? बघणाऱ्याला काय वाटंल?

हणमंतप्पा : काय वाटायचंय? आपल्यात गेलेल्या माणसाला बसवून नेतात, फुलं लावून. आडवा निघालाय म्हंजे जित्ता हाय, एवढं तर गावाला कळतंय.

चन्नव्वा : जीभ बघा ह्यांची. पाठ मोडली, पर जिभंला काही झालं न्हाई.

हणमंतप्पा : वीरण्णा, बोलव त्यांना. आन् म्हणावं, पाय सांभाळून टाका. फळी गावाची हाय.

(भिंतीचे तोंड. चौघांनी फळी आतल्या अंगाला आणून टेकवली आहे.)

वीरण्णा : उतरा दाजी आता. माझ्या घरात शहाबादी फरशीवर गोधडी टाकून ठेवलीय. फळीपरास कडक.

हणमंतप्पा : एवढ्यात नगं. किशनरावाची बाज दिसायली ना तितं, तिच्यावर घडीभर टाका मला. तोंड हिकडं करा. फळ्या बसंस्तोर बघू द्या.

वीरण्णा : बाज पाठीला चालत न्हाई तुमच्या.

चन्नव्वा : बघू दे रे. मी उशाला बसते, हलू देत न्हाई.

वीरण्णा : बरं. उचला रे, हळू. हां. आता तळची घ्या. खाचा पुसल्या का? सोडा. बसली?

हणमंतप्पा : बसली. एवढे दिवस माझं वजन घेतलं तरी वाकली न्हाई.

वीरण्णा : उजव्या कोपऱ्यातनं पाझरंल, चिकणमाती दाबा. अजून दाबा. आता दुसरी.

चन्नव्वा : काय दिसतंय तुम्हाला?

हणमंतप्पा : लई रुंद झालीय. आपल्या अंगणात आली. दार हलायलंय.

चन्नव्वा : कडी घातली न्हाई मी. येऊ दे, जाऊ दे तिला. उगं दार मोडाया नगं.

वीरण्णा : शाळेतली आणा. दाजी, एक विचारू? आजवर ह्या भिंतीला पाणी लागलंच न्हाई. टिकंल का?

हणमंतप्पा : मला काय म्हाईत? बांधणाऱ्याला बी म्हाईत नसंल. तळची बसलीय. बाकीच्या बी घराघरांतनं परत आल्या, कुणी मोडून चुलीत घातली न्हाई. आता रातभर माणसं हितं बसवून ठेव. कुठं थेंब दिसला की माती.

वीरण्णा : मी सवता बसतो.

चन्नव्वा : जेवून बस.

वीरण्णा : मठातली घ्या आता. तिच्यावर गोठ्यातली.

चन्नव्वा : आता काय दिसतंय?

हणमंतप्पा : आपला पत्रा. पल्याडच्या बाभळीचे शेंडे.

चन्नव्वा : रडायलाव व्हय?

हणमंतप्पा : वारं हाय.

चन्नव्वा : हां. वारं लई हाय.

वीरण्णा : ही शेवटची. पाणी लागलं रे तळाला. आवाज आला. कोपरा बघा, कोपरा.

चन्नव्वा : काय म्हणतोय कोपरा?

वीरण्णा : ओल हाय. धार न्हाई.

चन्नव्वा : आन् तुम्हाला? आता काय दिसतंय?

हणमंतप्पा : आता नुसत्या फळ्या.

चन्नव्वा : मग हिकडं वळा की जरा. पडल्यापासनं खिडकीकडं तोंड करून निजायलाव, मला नुसता एक कान दिसायचा तुमचा.